गटवार बॉक्स प्लॉट: जीजीप्लॉट२ की सीबॉर्न?

बॉक्स प्लॉट म्हणजे आकड्यांचा मधला निम्मा भाग बॉक्सने आणि त्याबाहेरचा रेघांनी ('मिशा') दाखवणारी आकृती. आडव्या अक्षावर वार, आणि प्रत्येक वाराला दुपार-रात्रीचे दोन रंगीत बॉक्स शेजारी-शेजारी. हे काम 'आर' भाषेतलं जीजीप्लॉट२ आणि पायथॉन भाषेतलं सीबॉर्न, ही आकृत्या काढायची दोन्ही सॉफ्टवेअर एकेका ओळीत करतात. रंगानुसार गट पाडायला एकीकडे 'फिल', दुसरीकडे 'ह्यू'. चतुर्थकं (बॉक्सच्या कडा ठरवणारी मूल्यं) काढायची रीत सारखी, मिशा दोन्हीकडे दीड आयक्यूआरपर्यंत (आयक्यूआर म्हणजे बॉक्सची उंची). तेव्हा आकड्यांत फरक शोधत बसू नका.

फरक उघडा पडतो तो एखादी जोडी डेटात नसली की. सरावातला 'टिप्स' डेटा घ्या: 244 बिलं, चार वार, आणि शनिवार-रविवारी दुपारच्या जेवणाची एकही नोंद नाही. सीबॉर्न त्या दोन वारांना दुपारची जागा रिकामी ठेवतं. रात्रीचा बॉक्स आपल्या जागी, इतरांइतकाच रुंद. जीजीप्लॉट२ मात्र उरलेल्या एकट्या बॉक्सला सगळी जागा देऊन टाकतं. तो दुप्पट रुंद दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं, इथे नोंदी जास्त असाव्यात. ही समजूत चुकीचीही म्हणता येत नाही, कारण 'व्हारविड्थ' ही सेटिंग लावली की रुंदी खरोखरच नोंदींच्या संख्येनुसार बदलते.

यावर बॉक्स शेजारी-शेजारी मांडणाऱ्या 'पोझिशन_डॉज२'मध्ये 'प्रिझर्व्ह'ला 'सिंगल' द्यायचा उपाय आहे. रुंदी ताळ्यावर येते, पण बॉक्स मधोमध जाऊन बसतो. डावीकडे दुपार, उजवीकडे रात्र ही खूण मोडते. काळ्या-पांढऱ्या छपाईत रंग ओळखू येत नाहीत, तिथे वाचकाला जागेचाच आधार असतो. माझं पारडं सीबॉर्नकडे झुकलं ते इथे.

दुसरा खड्डा आकडी गटांचा. 'टूथग्रोथ' या दातांच्या वाढीच्या सरावातल्या डेटात 60 गिनीपिग आणि व्हिटॅमिन सीचे 0.5, 1, 2 असे तीन डोस आहेत. जीजीप्लॉट२ला डोस आकडा म्हणून दिला आणि फिलला पूरकाचा प्रकार, तर सहाऐवजी दोनच बॉक्स येतात. डोस 'फॅक्टर'मध्ये (आकड्याला गट मानायची आरची सोय) गुंडाळला की सहा होतात. सीबॉर्न आकड्यांनाही आपणहून गट मानतं. पण मग 0.5 ते 1 आणि 1 ते 2 ही अंतरं सारखी दिसतात. खरी अंतरं हवी असतील तर 'नेटिव्ह_स्केल' चालू करा.

उभ्या अक्षाची मर्यादा 'वायलिम'ने आखाल तर जीजीप्लॉट२ मर्यादेबाहेरच्या नोंदी आधी काढतं आणि चतुर्थकं मग मोजतं. मध्यक हलतो, आणि कन्सोलवर एवढीशी वॉर्निंग येते. तिथे नोंदी न काढता फक्त चित्र जवळ आणणारं 'कोऑर्ड_कार्टेशियन'च वापरा. सीबॉर्नमध्ये मर्यादा बदलल्याने फक्त चित्र जवळ-लांब होतं.

'टिप्स'मध्ये गुरुवारी रात्रीची नोंद एकच आहे, म्हणून तिथे बॉक्सऐवजी नुसती रेघ येते. दोन्ही सॉफ्टवेअर ती निमूट काढतात. म्हणून वर प्रत्येक नोंदीचे ठिपके टाकावेतच: जीजीप्लॉट२मध्ये 'जिटरडॉज', सीबॉर्नमध्ये 'स्ट्रिपप्लॉट'ला 'डॉज' चालू करून. बॉक्सचे स्वतःचे आउटलायर (मिशांबाहेरचे ठिपके) मात्र बंद करा, नाहीतर तेच ठिपके दोनदा उमटतात. सीबॉर्नमध्ये लेजंडही (रंगांची खूणयादी) दुहेरी येतं, म्हणून स्ट्रिपप्लॉटचं बंद ठेवा.

सगळं विश्लेषण आरमध्ये असेल, जोड्या पूर्ण असतील, तर एवढ्यासाठी घर बदलू नये. थरावर थर रचण्यात जीजीप्लॉट२चा हात अजूनही सफाईदार वाटतो. सीबॉर्न घेतलंत तर 'ऑर्डर' (वारांचा क्रम) आणि 'ह्यू_ऑर्डर' (रंगांचा क्रम) हाताने लिहा. मजकुराच्या स्तंभात ते डेटात दिसेल तो क्रम धरतं, आणि नोंदी गाळल्या की पुढच्या आकृतीत वारांची अदलाबदल होते.