उघडा चर की भुयारी ड्रिलिंग?

कोथरूडच्या एका सोसायटीला रस्त्यापलीकडून नवी वीजकेबल आणायची आहे. चर खोदावा की रस्ता न फोडता खालून आडवं भोक पाडणारं ड्रिलिंग करावं, यावर कमिटी अडली आहे. ‘ड्रिलिंगला परवानगी लागत नाही’ असं सांगणाऱ्या कंत्राटदाराला आधी दारातूनच परत पाठवा. महापालिकेच्या पथ विभागाची परवानगी दोन्हीला लागते आणि वाहतूक पोलिसांचा ना-हरकत दाखलाही.

खर्च म्हणाल, तर चर खोदणं स्वस्त, पण रस्ता पूर्ववत करण्याचं शुल्क खोदाईच्या दर मीटर लांबीमागे लागतं, तिथे आकडा फुगतो. ड्रिलिंगचं मशीन महाग, मात्र डांबर फक्त दोन टोकांच्या खड्ड्यांपुरतंच फुटतं.

खरी मेख जमिनीखाली आहे. पुण्यात मुरुमाखाली काळा पाषाण लागतो; तिथे ड्रिलिंग रेंगाळतं आणि दर चढतो. शिवाय जुन्या जलवाहिन्यांचे नकाशे अनेकदा अपुरे असतात. चरात पाइप डोळ्यांना दिसतो, ड्रिलिंगमध्ये तो फुटल्यावरच कळतो. म्हणून आधी हाताने चाचणी खड्डे घ्यायलाच लावा.

टिकाऊपणात चराचं दुखणं म्हणजे भराव. थराथराने पाणी मारून माती ठोकून दाबली नाही, तर पहिल्याच पावसात पट्टा खचतो आणि दुचाकीवाले पडतात. याची मला मनापासून चीड येते.

वर्दळीचा किंवा नुकताच काँक्रीट झालेला रस्ता ओलांडायचा असेल, तर ड्रिलिंगच करा. गल्लीतली छोटी जोडणी किंवा नेमका उतार लागणारी ड्रेनेज लाइन असेल, तर उघडा चर बरा. खोदाई मात्र पावसाळ्याआधी उरकेल अशा बेताने अर्ज करा.