घुबडाचं पिल्लू: नुसती कडी की घरट्यांची अदलाबदल?
बडोद्याच्या दांडिया बाजारातली माझी भाची प्रबंधाच्या एका प्रश्नावर अडली आहे. गव्हाणी घुबडाचं पिल्लू घरट्यापासून किती लांब जातं, हे रक्तातून येतं की परिसरातून? पायात ओळखीची कडी घालणं स्वस्त. पण पिल्लू पुन्हा सापडलं तरच उपयोग. शिवाय सख्खी भावंडं सारखी वागली तरी उलगडा होत नाही, आईबाप तेच आणि उंदीरही तेच. पिल्लांची अदलाबदल करून परक्या घरट्यात वाढवलं, की ही गाठ सुटते. कष्ट मात्र फार. अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतराने फुटतात. थोरल्याला पिसं फुटलेली, धाकटं अजून पांढऱ्या लवीत! वय जुळवूनच हलवायचं. कडी तरीही लागतेच. १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार परवानगी दोन्हींना हवी. वर्षभराच्या प्रबंधाला कडी पुरे. चार-पाच वर्षं आणि भरपूर घरटी असतील तरच अदलाबदल.