घरचे विरजण की मेडिकलमधली कॅप्सूल?

प्रतिजैविकांचा कोर्स सुरू झाला, की डॉक्टरांच्या चिठ्ठीत बहुतेक वेळा पोटासाठी एक प्रोबायोटिक कॅप्सूल असते आणि घरी आई ताकाचा पेला पुढे करते. औषध रोगजंतूंबरोबर आतड्यातील उपयोगी जीवाणूंनाही मारते, ही जाणीव दोघांनाही असते. मात्र कॅप्सूल आणि ताक यांचे काम एक नाही, आणि आमच्या सोलापुरात अनेक घरांत गल्लत होते ती इथेच.

पुरेशा मात्रेत घेतल्यास आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी 2001 मध्ये केली. म्हणजे कॅप्सूलची किंमत तिच्यातील नेमका वाण (सूक्ष्मजीवाचा विशिष्ट उपप्रकार) आणि त्याची मात्रा यांवर ठरते. प्रतिजैविकांमुळे होणारे जुलाब टाळण्यासाठी सर्वाधिक अभ्यास झालेल्यांत लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी हा जीवाणू आणि सॅकरोमायसिस बोलार्डी हे यीस्ट मोडते; यीस्ट असल्यामुळे जीवाणूंवरचे औषध त्याला मारत नाही. ही कॅप्सूल घ्यायचीच असेल, तर कोर्सच्या पहिल्या दिवसापासून घ्यावी. कोर्स संपल्यावर 'पोट पूर्ववत व्हावे' म्हणून ती सुरू करण्याला मात्र फारसा आधार नाही. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात, प्रतिजैविकांनंतर अनेक वाणांचे प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यात मूळचे जीवाणू परतायला उलट उशीर लागला.

दह्याचे तसे नाही. विरजणात कोणते वाण आहेत हे सांगता येत नाही, घरागणिक ते बदलतात, आणि त्यांतील बरेचसे आतड्यात मुक्काम न करता पुढे निघून जातात. म्हणून जुलाबांवरचा इलाज म्हणून दह्यावर विसंबू नये. रोजचे अन्न म्हणून मात्र माझा कौल निःसंशय दह्यालाच आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात 36 प्रौढांवर झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दहा आठवडे भरपूर आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या आतड्यातील जीवाणूंचे वैविध्य वाढले आणि दाहाचे (इन्फ्लमेशनचे) काही निर्देशांक उतरले. त्यात ज्वारीच्या भाकरीची जोड मिळाली, तर तिच्यातील तंतूंवर मोठ्या आतड्यातील जीवाणू पोसले जातात आणि त्यापासून आतड्याच्या अस्तराला उपयोगी पडणारे ब्युटिरेट तयार करतात. हे काम कॅप्सूल करू शकत नाही.

सोलापूरचा उन्हाळा दोन्हींची परीक्षा पाहतो. थंडीत चादरीत गुंडाळून ठेवावे लागणारे पातेले मे महिन्यात चार-पाच तासांत लागते आणि तेवढ्याच वेगाने आंबटही होते, म्हणून तेव्हा विरजण अर्धा चमचाच घालावे आणि दही लागताच फ्रीजमध्ये ठेवावे. कढी उकळली किंवा आंबील शिजवली, की चव आणि पोषण उरते, जिवंत जीवाणू उरत नाहीत. कॅप्सूलच्या पाकिटावर 'फ्रीजमध्ये ठेवा' असे लिहिलेले असेल, तर ती दुकानातही फ्रीजमध्येच असली पाहिजे. एकदा काउंटरवरच्या उन्हातून उचलून दिलेली स्ट्रिप मी परत केली होती. पाकिटावर वाणाचे पूर्ण नाव आणि मात्रा नसेल, तर ते घेऊच नये. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या किंवा अतिदक्षता विभागातील रुग्णाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय यांतले कोणतेही प्रोबायोटिक देऊ नये. जुलाबात रक्त दिसले किंवा ताप आला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तपासून घ्यावे.

आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक चालू असेल, तर दह्यातील कॅल्शियम औषधाला बांधून ठेवते आणि ते रक्तात कमी उतरते. म्हणून गोळी दही-ताकाच्या किमान दोन तास आधी घ्यावी. आमच्याकडे अशा दिवसांत गोळी सकाळी आठला असते आणि ताक दुपारच्या भाकरीबरोबर.