ढलप्यांमधली अळंबी: वाइन कॅप, ॲग्रोसायबी की गॅलेरिना?

अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये घरामागच्या वाफ्यात लाकडाच्या ढलप्या पसरल्या, की चांगला पाऊस झाल्यावर त्यांतून अळंबी डोकावते. खायची की फेकायची, हा प्रश्न तिथे प्रामुख्याने तिघींचा असतो: वाइन कॅप (स्ट्रोफारिया रुगोसोॲन्युलाटा), ॲग्रोसायबी प्रेकॉक्स आणि गॅलेरिना मार्जिनाटा. पहिली चविष्ट, दुसरी बरेचदा कडवट, तिसरी जीवघेणी. गावाकडे वारुळावरची अळंबी जागेवरून ओळखायची सवय असेल, तर इथे ती उपयोगाची नाही. तिघीही एकाच वाफ्यात उगवू शकतात.

टोपीच्या रंगावर तर अजिबात जाऊ नये. कोवळी वाइन कॅप लालसर असते खरी, पण उन्हात फिकी पडली की थेट ॲग्रोसायबीसारखी मातकट दिसते. त्यापेक्षा दांड्यावरचं कडं पाहा. वाइन कॅपचं जाड, वरून रेघारेघांचं आणि खालून दातेरी चाकासारखं. ॲग्रोसायबीचं पापुद्र्याएवढं पातळ, कधी टोपीच्या कडेलाच लोंबत राहिलेलं. गॅलेरिनाचं त्याहून नाजूक, वर गंजाच्या रंगाचे बीजाणू साचलेले, आणि पुष्कळदा गळूनच गेलेलं. म्हणजे कडं दिसत नाही म्हणून गॅलेरिना नाही, असं समजलात तर फसलात. मुळाशी ढलप्यांना चिकटलेले पांढरे दोरे वाइन कॅपला असतात, तसे ॲग्रोसायबीलाही.

आकारात मात्र फरक आहे. वाइन कॅपची टोपी बहुधा ५ ते १५ सें.मी., दांडा १ ते ३ सें.मी. जाड. गॅलेरिनाची टोपी ५ सें.मी.च्या वर क्वचितच जाते, दांडा ३ ते ८ मि.मी.

खरा निकाल बीजाणूंच्या ठशावर. दांडा कापून टोपी, कल्ल्यांची (टोपीखालच्या पातळ पात्यांची) बाजू खाली करून, अर्ध्या पांढऱ्या आणि अर्ध्या काळ्या कागदावर ठेवा, वर वाटी उपडी घाला आणि रात्रभर हलवू नका. वाइन कॅपचा ठसा जांभळट काळा, ॲग्रोसायबीचा तंबाखूसारखा तपकिरी, गॅलेरिनाचा गंजासारखा. टोपी फार कोवळी किंवा सुकलेली असेल तर ठसा उमटतच नाही. तेव्हा अंदाज बांधू नये, ती फेकून द्यावी. शिवाय जांभळट ठसा देणाऱ्या लहान, दाबल्यावर निळ्या पडणाऱ्या जातीही ढलप्यांत येतात, म्हणून ठसा, कडं आणि आकार तिन्ही जुळायला हवेत. तेही प्रत्येक अळंबीचं वेगळं. घोळक्यातली एक तपासून टोपलीभर तोडणं, चूक होते ती इथेच.

नवख्याने ॲग्रोसायबीच्या नादी लागूच नये. विषारी नसली तरी त्या चवीसाठी गॅलेरिनाच्या इतक्या जवळ कशाला जायचं? वाइन कॅप तिन्ही कसोट्यांना उतरली, तरी पहिल्या वेळी स्थानिक अळंबी मंडळातल्या जाणकाराला प्रत्यक्ष दाखवा. फोटो पुरत नाही. मग नीट शिजवून थोडीच खा, काहींना तीही पचत नाही.

गॅलेरिनातली अमाटॉक्सिनं नावाची विषं शिजवून किंवा वाळवून जात नाहीत. उलट्या-जुलाब साधारण ६ ते २४ तासांनी सुरू होतात, मधे बरं वाटतं आणि यकृत मात्र निकामी होत जातं. शंका आली तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठा. अमेरिकेत पॉयझन कंट्रोलचा (विषबाधेवर सल्ला देणाऱ्या सेवेचा) नंबर १-८००-२२२-१२२२. उरलेली अळंबी, शिजलेली असली तरी, सोबत न्या.