फारोच्या बाल्कनीतला मेद्रोन्यू : तेरा महिन्यांनंतर

गेल्या वर्षी ऑक्टोबरात इथल्या, म्हणजे दक्षिण पोर्तुगालमधल्या फारोच्या एका रोपवाटिकेतून मेद्रोन्यूचं, म्हणजे इंग्रजीत 'स्ट्रॉबेरी ट्री' म्हणतात त्या लाल गोल फळांच्या झाडाचं, कमरेएवढं रोप कुंडीसकट आणलं. "नाताळला फळं खाल," विकणारा म्हणाला. फुलं लागलेली दिसत होती, त्यामुळे मला ते पटलं. नाताळ आला, फळ नाही. या फुलाचं फळ पिकायला जवळजवळ वर्ष लागतं, हे त्याने सांगायला हवं होतं. म्हणूनच शरदात एकाच फांदीवर यंदाची पांढरी घंटाफुलं आणि गेल्या हंगामाची लाल फळं सोबत दिसतात.

रानातलं झाड आहे, फार लाड मागत नाही. ऊन भरपूर आणि निचरा चांगला हवा, खत मी दोनदाच घातलं. पण कुंडीतल्या झाडाला उन्हाळ्यात पाणी लागतंच. गणपतीला कुडाळला गेलो, परत आलो तर चाळीसेक हिरव्या फळांपैकी निम्म्याहून जास्त खाली पडलेली. सतरा पिकली. त्या पडलेल्या फळांची हळहळ अजून जात नाही.

चवीबद्दल. केशरी असताना तोडू नका, तोंडात तुरट बसतं. पूर्ण लाल होऊन बोटाला मऊ लागलं की साल लिचीसारखी खरखरीत, आतला पिवळा गर रवाळ आणि गोड. आंबटपणा कमी, त्यामुळे काहींना मिळमिळीत वाटेल, मला मात्र तो सौम्य गोडवा फार आवडला. तोडल्यावर दुसऱ्या दिवशीच फळ लिबलिबीत होतं. बाजारात सहसा का दिसत नाही ते तेव्हा समजलं. याच्या शास्त्रीय नावातला (आर्बुटस उनेडो) 'उनेडो' म्हणजे 'एकच खातो', असं रोमन लेखक प्लिनीने सांगितलंय. मी एका बैठकीत पाच खाल्ली.

नोव्हेंबरात मोन्शीकच्या डोंगरात गेलो. तिथे हीच फळं हाताने वेचून, टाक्यांत आंबवून तांब्याच्या भांड्यात दारू गाळतात. वास आला आणि थेट आमच्याकडचे काजूचे बोंडू आठवले. फरक एवढाच, की बोंडूचा रस दोन-चार दिवसांत आंबतो, हा लगदा कित्येक आठवडे ठेवावा लागतो.

मुरंबा करणार असाल तर गर चाळणीतून काढा, नाहीतर बारीक बिया दाताखाली येतात. सध्या पुन्हा घंटा लागल्यात आणि थंडीतही मधमाश्या येतायत. पुढच्या गणपतीआधी कुंडीला ठिबक बसवणार आहे.