युनिव्हर्सल ट्रॅव्हल ॲडॉप्टर: बरेच महिने वापरल्यावर

ऑफिसच्या कामामुळे लंडन, म्युनिक, न्यू जर्सी अशा फेऱ्या चालू असतात. त्यासाठी पिना आत-बाहेर सरकवायचा चौकोनी ॲडॉप्टर घेतला. एका बाजूला यूएसबी आणि टाइप-सी आहे. फोन, इअरफोन, कॅमेरा यांच्यासाठी पैसे वसूल.

लंडनमध्ये घट्ट बसतो. तिथल्या सॉकेटमध्ये वरची पिन आत गेली की मगच खालच्या दोन भोकांवरची झडप उघडते. माझ्या ॲडॉप्टरची ती पिन प्लास्टिकची आहे. झडप उघडते, पण अर्थिंग मिळत नाही. चार्जिंगला लावलेल्या धातूच्या लॅपटॉपवरून हात फिरवला की बारीक झिणझिण्या जाणवतात. म्हणून लॅपटॉपसाठी आता ॲडॉप्टर वापरतच नाही. चार्जरच्या ठोकळ्यापासून भिंतीवरच्या सॉकेटपर्यंत जाणारी केबल बदलता येते. त्या त्या देशाची, अर्थिंगची सोय असलेली केबल घेतली की अर्थिंगही मिळतं.

म्युनिकला सॉकेट गोल आणि खोलगट. चौकोनी ॲडॉप्टर काठावरच अडतो, पिना जेमतेम टेकतात. पण आपले दोन गोल पिनांचे फोन चार्जर तिथे थेट बसतात. न्यू जर्सीत, विशेषतः जुन्या घरांत, ॲडॉप्टर स्वतःच्या वजनानेच खाली लोंबतो.

आता व्होल्टेज. हा ॲडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जपानमध्ये तर १०० व्होल्टच. चार्जरवर बारीक अक्षरांत "१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ" असेल तर निर्धास्त लावा.

लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत निघालेल्या आयांच्या बॅगेत मिक्सर हमखास असतो. माझ्या आईचाही भरून झाला होता, तो मी काढायला लावला. २३० व्होल्टचा मिक्सर तिथे रडतखडत फिरतो, ओलं खोबरं वाटलं जात नाही. ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण ७५० वॅटच्या मिक्सरला पेलेल असा घ्यायचा तर तो मिक्सरपेक्षाही जड पडतो. भारतीय कंपन्यांचे ११० व्होल्टचे मिक्सर तिथल्या इंडियन स्टोअरमध्ये मिळतात, तेच घ्यावेत. इथली १५०० वॅटची किटली तिथे जेमतेम ४०० वॅट देते. चहाची वाट बघत बसावं लागतं, इतकंच.

उलट दिशेला मात्र खरा धोका आहे. तिकडून आणलेला, फक्त १२० व्होल्टचा हेअर स्ट्रेटनर पुण्यात लावला तर तो साडेतीन पटींहून जास्त वीज ओढतो आणि जळतो. हा ॲडॉप्टर त्याच्या चपट्या पिना मुकाट्याने घेतो. आतला फ्यूज वाचवेलच असं नाही. खोक्यावर "१५० देशांत चालतो" हे मोठ्या अक्षरांत आहे आणि व्होल्टेज बदलत नाही ही सूचना आतल्या घडीच्या कागदावर. ती पुढच्या बाजूला, ठळक आणि मराठी-हिंदीत हवी. पाचपैकी एक तारा मी त्यासाठीच कापते आहे.