बाळाचा विचार आहे? ‘अ’ जीवनसत्त्व भाजीतून घ्यावं की कलेजीतून?

हा प्रश्न दिवस राहण्याआधीच विचारलेला बरा. पाळी चुकून दोन आठवडे होतात, तोवर गर्भाची न्यूरल ट्यूब, म्हणजे मेंदूचं आणि मज्जारज्जूचं मूळ, मिटूनही गेलेली असते.

गर्भ या जीवनसत्त्वापासून रेटिनॉइक आम्ल बनवतो. ते पाठीच्या बाजूला तयार होतं आणि डोक्याच्या टोकाला एक विकर (एन्झाइम) ते मोडून टाकतं. इकडे जास्त, तिकडे कमी. यावरूनच पेशींना कळतं, आपण मेंदू व्हायचं की मज्जारज्जू. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते कमी पडलं की मेंदूचा मागचा भाग नीट घडत नाही, आणि जास्त झालं की पुढचा भाग मागच्यासारखा होऊ लागतो. १९३३ साली टेक्सासमध्ये फ्रेड हेल यांनी हे जीवनसत्त्व न मिळालेल्या डुकरिणीला डोळ्यांविना पिल्लं झाल्याचं नोंदवलं होतं. डोळा मेंदूतूनच उगवतो, हे इथे लक्षात घ्या.

शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा, आंबा यांत असतं ते बीटा कॅरोटीन. शरीर त्यातलं लागेल तेवढंच ‘अ’ जीवनसत्त्वात बदलून घेतं. फार खाल्लं तर तळहात पिवळट दिसतील, गर्भाला धोका नाही. उणीव एकच: १२ मायक्रोग्रॅममागे जेमतेम १ मायक्रोग्रॅम कामाचं मिळतं, म्हणून भाजीला तेलाची फोडणी हवीच.

कलेजीत असतं ते रेटिनॉल, म्हणजे तयार ‘अ’ जीवनसत्त्व. कोंबडीच्या १०० ग्रॅम कच्च्या कलेजीत सुमारे ३३०० मायक्रोग्रॅम, आणि गरोदरपणातली वरची मर्यादा दिवसाला ३०००! लोह वाढावं म्हणून प्रेमाने कलेजी वाढणाऱ्या सासूबाईंना हे जरूर सांगा. कॉड माशाच्या यकृताचं तेलही याच गटातलं.

गोळ्यांच्या डब्यावर ‘रेटिनाइल’ (हेही तयार रूपच) लिहिलंय की ‘बीटा कॅरोटीन’, ते वाचा. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २२,००० हून अधिक गरोदर अमेरिकन स्त्रियांच्या पाहणीत, गोळ्यांतून रोज १०,००० एककांहून (सुमारे ३००० मायक्रोग्रॅम) जास्त तयार जीवनसत्त्व घेणाऱ्यांच्या बाळांत जन्मजात दोष अधिक आढळले.

माझं मत सरळ भाजीच्या बाजूचं आहे. संध्याकाळी अंधारात दिसेनासं होत असेल, म्हणजे हे जीवनसत्त्व कमी पडल्याची खूण असेल, तर मात्र भाजीवर विसंबू नका. किती आणि कोणती मात्रा, ते डॉक्टर ठरवतील. आणि मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन (याच जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध) चालू असेल, तर ते थांबवून किमान एक महिना जाऊ द्या, मगच दिवस राहू द्या.